व्हिक्टोरियन स्टुडिओतलं मूल: जुना फोटो वाचायचा कसा

व्हिक्टोरियन काळातल्या लहान मुलाचा स्टुडिओ फोटो हातात आला की नवखा माणूस आधी चेहरा बघतो. मूल हसत नाही, डोळे पांढुरके, अंग ताठ. दोन मिनिटांत निकाल लागतो: हे मेलेलं मूल आहे. इंटरनेटवर असे फोटो याच मथळ्याखाली फिरतात. विकणाऱ्यालाही ते सोयीचं असतं, कारण 'मृत्यूनंतरचा फोटो' म्हटलं की भाव चढतो. प्रत्यक्षात यातले बहुतेक फोटो धडधाकट आणि त्या क्षणी बहुधा वैतागलेल्या पोरांचे असतात.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी वस्तू, मग पुठ्ठा, मग त्याची पाठ म्हणजे मागची बाजू, मग स्टुडिओतलं सामान, त्यानंतर कपडे. चेहरा सगळ्यात शेवटी. हातात खरं कार्ड असो की संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचं स्कॅन, क्रम हाच ठेवा.

तयारी फार नाही. दहा पटीचं भिंग, मिलिमीटरची पट्टी, छोटं लोहचुंबक, तिरका उजेड टाकायला टॉर्च आणि मऊ शिसपेन्सिल. हात धुऊन कोरडे करा आणि कार्ड कडेने धरा.

पहिली पायरी: हे आहे तरी काय?

राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१. छायाचित्रणाची घोषणा झाली १८३९ मध्ये आणि इंग्लंडमधला पहिला फोटो स्टुडिओ रिचर्ड बीअर्ड यांनी मार्च १८४१ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरच्या पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनच्या छतावर उघडला. तिथून पुढच्या साठ वर्षांत तंत्र अनेकदा बदललं, आणि प्रत्येक तंत्र आपापल्या खुणा सोडून गेलं.

डब्बीत बसवलेला फोटो हलवताना आरशासारखा चमकला, एका कोनातून मूल दिसलं आणि दुसऱ्या कोनातून तुमचंच तोंड दिसलं, तर तो डॅगेरोटाइप. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा असतो तो. वरची काच काढून पत्रा कधीही पुसू नका, एका फटक्यात चित्र जाईल. डब्बीतच आहे, काचेवर आहे, पण आरशासारखा चमकत नाही, तर ॲम्ब्रोटाइप. हा प्रामुख्याने १८५० च्या दशकातला आणि त्यानंतर थोडा काळ टिकलेला. चुंबक हळूच मागे नेल्यावर ओढला गेला तर टिनटाइप. नावात टिन असलं तरी तो लोखंडाचा पत्रा आहे.

या तिन्ही प्रकारांत चित्र बहुधा आरशातल्यासारखं उलटं असतं. कोटाची बटणं कोणत्या बाजूला, यावरून मुलगा-मुलगी ठरवणारे इथे हमखास फसतात.

उरलेले बहुसंख्य फोटो म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला पातळ कागद. हा अल्ब्युमेन कागद, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला. भिंगातून कागदाचे तंतू दिसतात, थराला बारीक भेगा असतात, रंग तपकिरी-जांभळट आणि उजळ भाग पिवळसर झालेले. भिंगाखाली रांगेने ठिपके दिसले तर ते छापखान्यातलं चित्र आहे, फोटो नव्हे. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली कागद निळसर-पांढरा झळकला तर तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, म्हणजे नंतर काढलेली प्रत.

दुसरी पायरी: पट्टी लावा

पुठ्ठा साधारण ६३ बाय १०० मिलिमीटर भरला तर ते 'कार्त द व्हिझिट'. संग्राहक त्याला सरळ सीडीव्ही म्हणतात. पॅरिसचे फोटोग्राफर दिस्देरी यांनी १८५४ मध्ये एकाच काचेवर अनेक छोट्या छबी घेण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं. १८६० मध्ये जॉन मेयॉल यांनी राजघराण्याच्या अशा कार्डांचा संच विक्रीला काढला आणि इंग्लंडात घरोघरी अल्बम आले. मुलांचे फोटो ढिगाने सापडतात ते तेव्हापासूनचे. पुठ्ठा साधारण १०८ बाय १६५ असेल तर कॅबिनेट कार्ड, म्हणजे १८६६ नंतरचं.

आता कड बघा. पातळ पुठ्ठा, चौकोनी कोपरे: बहुधा १८६० चं दशक. गोल कोपरे: १८७० च्या दशकापासून पुढे. जाड पुठ्ठा, कड तिरकी कापून सोनेरी केलेली: १८८० च्या आसपास किंवा नंतर. गडद हिरवा, मरून किंवा काळा पुठ्ठा आणि त्यावर सोनेरी अक्षरं: १८८० आणि ९० ची दशकं. ही ढोबळ मापं आहेत. गावाकडचा फोटोग्राफर जुना पुठ्ठा संपेपर्यंत वापरायचा, त्यामुळे पाच-सात वर्षं इकडेतिकडे धरूनच चाला.

तिसरी पायरी: पाठ वाचा

मला विचाराल तर कार्डाची पाठ ही पुढच्या बाजूपेक्षा जास्त बोलकी असते. सुरुवातीच्या काळात मधोमध फक्त नाव-पत्ता. पुढे नक्षी वाढत गेली आणि १८८० च्या दशकात अख्खी पाठ भरली: नेचे, बांबू, पक्षी, रंगांची थाळी, कॅमेरा घेतलेली पंखवाली बाळं. काही पाठी इतक्या गच्च आहेत की पत्ता शोधावा लागतो.

तिथे चार गोष्टी शोधा. एक, पत्ता. स्टुडिओ वारंवार जागा बदलायचे, म्हणून नावापेक्षा पत्ता मोलाचा. दोन, पदकं. प्रदर्शनात मिळालेल्या पदकावर साल असेल तर फोटो त्या सालानंतरचा, यात वाद नाही. तीन, हाताने लिहिलेला आकडा. तो निगेटिव्हचा क्रमांक. 'प्रती केव्हाही मिळतील' असं छापलेलं असायचं, आणि त्या देता याव्यात म्हणून निगेटिव्हच्या काचा नंबरवार ठेवलेल्या असायच्या. चार, अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत असलेलं नाव. ते पुठ्ठा छापणाऱ्याचं, फोटोग्राफरचं नव्हे. मॅरियन या पॅरिसच्या कंपनीचं नाव तिथे वाचून तिला फोटोग्राफर समजणारे नवशिके दर महिन्याला भेटतात.

अमेरिकेतलं कार्ड असेल आणि पाठीवर महसुलाचं तिकीट असेल तर नशीब काढलंत. यादवी युद्धाच्या खर्चासाठी लावलेला हा कर १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढाच काळ होता.

चौथी पायरी: मूल किती वेळ बसलं?

इथे जरा थांबू, कारण या फोटोंमधलं जे काही विचित्र वाटतं ते जवळजवळ सगळं या एका प्रश्नातून निघतं.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढची जवळपास तीस वर्षं स्टुडिओ तिच्यावर चालले. काचेवर द्रव ओतायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत धुवायची. सगळं मिळून काही मिनिटांचा खेळ. फोटोसाठी स्वच्छ उजेडात दोन-चार सेकंद लागत, ढगाळ दिवशी त्याच्या कितीतरी पट. वीज नव्हती. म्हणून स्टुडिओ वरच्या मजल्यावर, छत काचेचं आणि जमलं तर तोंड उत्तरेला. लंडनच्या धुरकट हिवाळ्यात दुपारनंतर धंदा बसायचा, आणि मुलांना सकाळी आणा असं फोटोग्राफर सांगायचे ते त्यामुळेच.

आता दीड वर्षाच्या पोराला पाच सेकंद स्तब्ध बसवून बघा.

त्यासाठी जे उपाय झाले तेच तुम्हाला फोटोत शोधायचे आहेत. मोठ्या मुलांच्या डोक्यामागे लोखंडी टेकू असायचा: जड बैठक, वर दांडा आणि टोकाला डोकं स्थिर ठेवणारा चिमटा. बुटांच्या मागे भिंगातून बघा, बैठकीचे पाय डोकावताना दिसतील. लहानग्यांना खोल खुर्चीत रुतवायचे, कमरेला पट्टा बांधायचे. आणि सगळ्यात लहान बाळांसाठी आई. तिला खुर्चीत बसवायचं, अंगावरून डोक्यापर्यंत चादर किंवा पडदा टाकायचा आणि मांडीवर बाळ. फोटो काढून झाला की लंबगोल चौकट अशी लावायची की चादर झाकली जावी. चौकट निसटलेल्या टिनटाइपमध्ये हे लख्ख दिसतं: बाळाच्या मागे खुर्चीच्या आकाराचं काहीतरी, पण त्याला खांदे आहेत आणि बाळाच्या पोटावर एक मोठा हात. हात दिसला नाही तरी कापडाच्या घड्या बघा. रिकाम्या खुर्चीवरच्या चुण्या सरळ खाली पडतात, माणसावरच्या गुडघ्यांपाशी मोडतात.

पुसट झालेला भागही महत्त्वाचा. चेहरा रेखीव, पण एक पाऊल धुकट, हातातल्या बाहुलीचं टोक अस्पष्ट. मूल हललं एवढाच त्याचा अर्थ, आणि तो पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी तिचा वेग वाढवण्याची युक्ती जाहीर केली. १८८० च्या दशकात स्टुडिओंनी ती उचलली आणि फोटो सेकंदाच्या अंशात निघू लागला. या काळातल्या काही पाठींवर मुलांचे फोटो 'तत्क्षणी' काढू अशी जाहिरातच असते. ती दिसली तर दशक ठरलं. पोरंही आता जरा सैल दिसतात, क्वचित हसतातसुद्धा.

पाचवी पायरी: मागचं सामान

१८६० च्या दशकात मूल पूर्ण उंचीचं आणि लहान दिसतं. बाजूला खांब, कठडा, जड पडदा. मग कॅमेरा जवळ येत गेला. १८८० च्या सुमारास खेडवळ देखावे आले: पुठ्ठ्याचे खडक, लाकडी कुंपण, जमिनीवर खरं वाळलेलं गवत. ९० च्या दशकात कुंड्यांतले पाम आणि वेताच्या खुर्च्या.

खेळण्यावरून मुलाच्या आवडीनिवडी ठरवू नका. घोडा, चक्र, होडी हे बहुधा स्टुडिओचं सामान. तेच कुंपण, तोच गालिचा, त्याच खुर्चीचा तुटका कोपरा दोन कार्डांत सापडला तर मात्र नाव नसलेल्या कार्डाचा स्टुडिओ कळतो.

सहावी पायरी: कपडे, आणि रंगांची फसवणूक

ओल्या कोलोडियनला निळा रंग पांढरट दिसायचा आणि लाल-पिवळा काळपट. म्हणून निळे डोळे फिके, भुतासारखे येतात. चेहऱ्यावरचे वांगाचे ठिपके दुपटीने उठतात. पिवळाधमक फ्रॉक काळा दिसतो. बाळाच्या गळ्यातली काळी माळ बहुतेक वेळा पोवळ्याची असते. आपल्याकडे बाळाला दृष्ट लागू नये म्हणून मनगट्या बांधतात, तसंच तिकडे पोवळं घालायचे, मुलगा असो की मुलगी. त्यामुळे काळा पोशाख दिसला की लगेच 'सुतक' लिहू नका. पांढऱ्या फ्रॉकवर काळी फीत आणि काळा कमरपट्टा, किंवा सगळी भावंडं एकसारखी काळ्यात, तेव्हा शंका घ्यायला जागा आहे.

कपड्यांवरून काळ असा काढा. रुंद गळा, खांदे उघडे, आखूड बाही: १८४० ते ६० ची दशकं, मुलगे-मुली दोन्ही. मुलींचा घंटेसारखा घेर आणि खाली डोकावणाऱ्या लेसच्या विजारी: १८५०-६०. घेर मागे सरकलेला: १८७०-८०. खांद्यापाशी फुग्यासारख्या बाह्या: १८९० च्या दशकाचा मधला भाग. खलाशी पोशाखाची सुरुवात सांगता येते. १८४६ मध्ये विंटरहाल्टर यांनी छोट्या प्रिन्स ऑफ वेल्सचं त्या वेषातलं चित्र काढलं. घरोघरी मात्र तो पोशाख १८७० नंतर पोचला. मखमली सूट आणि मोठी लेसची कॉलर दिसली तर १८८६ नंतरचं समजायला हरकत नाही. त्या वर्षी फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांचं 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय' पुस्तकरूपाने आलं आणि आयांनी मुलगे तसेच सजवायला सुरुवात केली. मुलग्यांना काय वाटलं ते चेहऱ्यांवर दिसतंच.

मुलगा की मुलगी? मुलगेही साधारण चार ते सात वर्षांचे होईपर्यंत फ्रॉकमध्ये असत, तेव्हा फ्रॉक काही सिद्ध करत नाही. भांग बघा: बाजूला असेल तर बहुधा मुलगा, मधोमध असेल तर बहुधा मुलगी. हातात चाबूक किंवा बंदूक असेल तर मुलग्याकडे झुका. तान्ह्या बाळाबाबत 'सांगता येत नाही' असं लिहिणं हेच प्रामाणिक.

सातवी पायरी: आता चेहरा

मेलेल्या मुलांचे फोटो काढले जायचे, यात शंका नाही. बालमृत्यू फार होते आणि अनेक घरांत तो एकमेव फोटो असायचा. पण ते फोटो तसेच दिसतात: मूल बिछान्यावर झोपवलेलं, आईच्या मांडीवर, फुलांमध्ये किंवा शवपेटीत. उभं केलेलं प्रेत ही दंतकथा आहे. तो लोखंडी टेकू फक्त डोकं स्थिर ठेवतो, निर्जीव शरीराचा भार पेलत नाही. किंबहुना बुटांमागे टेकूचे पाय दिसले तर मूल जिवंत होतं, कारण हलण्याची भीती जिवंत माणसाचीच. पाऊल पुसट आलं असेल तर प्रश्नच मिटला. डोळे रंगवलेले वाटले तर मुलाने पापणी मिटली होती किंवा निळे डोळे फिकट आले होते, म्हणून फोटोवर हाताने दुरुस्ती (रिटचिंग) करणाऱ्याने बुबुळं काढली.

छायाचित्रात फेरफार तेव्हाही चालायचे. छायाचित्रकार ऑस्कर रेलँडर यांचं रडणाऱ्या बाळाचं चित्र चार्ल्स डार्विन यांनी भावनांवरच्या १८७२ च्या पुस्तकात वापरलं, ते मूळ फोटोवरून हाताने काढून पुन्हा फोटोत उतरवलेलं होतं. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट डॉ. बर्नार्डो यांच्या लंडनमधल्या अनाथगृहाची. १८७० च्या दशकात तिथे येणाऱ्या मुलांचे फोटो काढत आणि 'आधी-नंतर' अशा जोडीची कार्डं मदतनिधीसाठी विकत. मुलांना मुद्दाम जास्त फाटकं दाखवलं जातं असा आक्षेप आला, १८७७ मध्ये लवादापुढे चौकशी झाली आणि ती विक्री थांबली. त्यामुळे फाटक्या कपड्यांतलं, अनवाणी मूल स्टुडिओत दिसलं तर हा फोटो आईबापांनी हौसेने काढलेला असेलच असं नाही, हे ध्यानात ठेवा.

आठवी पायरी: नोंदी धुंडाळा

लंडनचा स्टुडिओ असेल तर 'फोटोलंडन' या ऑनलाइन सूचीत १८४१ ते १९०८ मधले फोटोग्राफर आणि त्यांचे पत्ते मिळतात. इतर गावांसाठी व्यापारी डिरेक्टरी; लेस्टर विद्यापीठाने इंग्लंड-वेल्सच्या पुष्कळ डिरेक्टरी स्कॅन करून ठेवल्या आहेत. काही स्टुडिओंची दप्तरं वाचली आहेत. कामीय सिल्वी यांचा लंडनच्या पोर्चेस्टर टेरेसवरचा स्टुडिओ १८५९ ते १८६८ चालला आणि त्यांच्या सुमारे १७,००० छबींच्या वह्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. माँट्रियलच्या विल्यम नॉटमन यांच्या वह्या तिथल्या मॅकॉर्ड स्टुअर्ट संग्रहालयात. कार्डावरचा क्रमांक जुळला तर नाव आणि साल हाती येतं.

नाव लिहिलेलं असेल तर जनगणना बघा. ती दर दहा वर्षांनी व्हायची आणि १८४१ पासूनच्या नोंदींत माणसांची नावं सापडतात. इंग्लंड-वेल्समधली सरकारी जन्मनोंदणी जुलै १८३७ पासूनची.

मुंबईचं कार्ड मिळालं तरी पायऱ्या याच. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे मुंबईकर पुढे स्वतःचा स्टुडिओ चालवत होते. फक्त पोशाखाच्या सालांत इथे जास्त सैल राहा.

जपणूक

पीव्हीसीचं प्लॅस्टिक, सेलोटेप, लॅमिनेशन, तिन्ही वर्ज्य. आम्लविरहित कागदाचं पाकीट किंवा पॉलिएस्टरची खोळ चालते. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. स्कॅन दोन्ही बाजूंचं, किमान ६०० डीपीआयवर, आणि पुठ्ठ्याच्या कडेसकट. कड कापून टाकलेलं स्कॅन दुसऱ्याच्या काहीच कामाचं नसतं.

एक कार्ड करून बघू

समजा, कार्ड ६३ बाय १०२ मिलिमीटरचं आहे. कोपरे गोल, पुठ्ठा जाड, कागद अल्ब्युमेन. पाठीवर रंगांची थाळी आणि पॅरिस १८७८ चं पदक, खाली हाताने लिहिलेला पाच आकडी क्रमांक. पुढे तीन-चार वर्षांचं मूल पुठ्ठ्याच्या खडकावर बसलंय. फ्रॉकचा गळा बंद, बाह्या साध्या, भांग बाजूला, हातात चाबूक आणि डावं पाऊल पुसट.

पदकामुळे १८७८ च्या आधी जाता येत नाही. फुगीर बाह्या नाहीत, त्यामुळे बहुधा १८९३ च्या आधीचं. आता डिरेक्टरीत बघितलं तर त्या पत्त्यावर हा स्टुडिओ १८८० ते १८८४ एवढाच दिसतो. मग पाकिटावर पेन्सिलीने लिहायचं: 'फोटो १८८० ते १८८४, पत्त्यावरून. बहुधा मुलगा, भांग आणि चाबकावरून. जन्म अंदाजे १८७६ ते १८८१. जिवंत, पाऊल हललं आहे. नाव माहीत नाही.' क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्या. त्याच स्टुडिओचं, जवळच्या क्रमांकाचं आणि तारीख लिहिलेलं दुसरं कार्ड कधी समोर आलं, तर चार वर्षांचा हा पट्टा काही महिन्यांवर येईल.